प्रोसेसरच्या सॉकेटात पेस्ट गेली तर : घाई नको, घासाघीस नको



कापडाच्या व्यापाऱ्याला डागाची ओळख करून द्यावी लागत नाही. शिलाई यंत्राचे तेल ताग्यावर पडले की नवखा नोकर काय करतो? हाताला येईल ती चिंधी घेतो आणि कोरडाच डाग घासत सुटतो. तेल सुतात आणखी खोल जाते, डाग बोटाएवढा होता तो तळहाताएवढा होतो, आणि घासल्याने पोतही उठतो. जुना माणूस तसे करीत नाही. तो आधी डाग कशाचा ते पाहतो, त्याला विरघळवणारी वस्तू लावतो, आणि डाग टिपून वर उचलून घेतो. वेळ जास्त लागतो, पण तागा वाचतो.

संगणकाच्या प्रोसेसरच्या सॉकेटात थर्मल पेस्ट गेली असता नेमकी हीच गोष्ट लागू पडते. आज या पानावर आम्ही तोच विषय घेत आहोत. काही बंधू म्हणतील, कापडवाल्याने संगणकाच्या पोटात हात कशाला घालावा? त्याचे कारण आपल्या मुलखात आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि लहानसहान दुकानांतही बिलाचा संगणक येऊन बसला. पण दुरुस्तीवाला प्रत्येक गावात आला नाही. चंद्रपूरच्या माणसाला अवघड काम निघाले की दीडशे किलोमीटरवर नागपूर गाठावे लागते. अहेरी, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा येथील दुकानदाराची काय अवस्था होत असेल, ते सांगायला नको. म्हणून जे काम आपण सावधपणे स्वतः करू शकतो ते शिकून घ्यावे, आणि जे आपले नाही ते कोणते तेही ओळखावे.

ही पेस्ट कशासाठी असते?

प्रोसेसर चालताना तापतो. त्याची उष्णता ओढून घेण्यासाठी त्याच्यावर अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पाती असलेला ठोकळा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा असतो. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण त्यांच्यात केसाहूनही बारीक खाचा असतात. त्या खाचांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ती जागा भरून काढण्यासाठी ही पेस्ट लावतात. साध्या पांढऱ्या किंवा करड्या पेस्टमध्ये बहुधा सिलिकॉनचे तेल आणि त्यात झिंक ऑक्साइड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. काही वर्षांनी तेल सुटते, पेस्ट कोरडी पडते आणि उष्णता अडू लागते.

आपल्या चंद्रपुरात हा त्रास जास्त का होतो, हे सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्यात कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि रस्त्यावरची धूळ. कापडाच्या दुकानात यावर आणखी एक भर पडते, ती म्हणजे थान उलगडताना उडणारे बारीक रेशे. हीटसिंकच्या पात्यांत धूळ व रेशे मिळून अक्षरशः नमदा तयार होतो. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होतो, मग बंद पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात हीटसिंक उघडण्याची पाळी येते, आणि तिथेच पेस्ट नको त्या जागी जाण्याचा प्रसंग येतो.

आमच्या दुकानात काय घडले

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नसराई चालू, तेंदू पानाचा हंगाम चालू, आणि महिन्याचा जीएसटीचा परतावा भरण्याची २० तारीख जवळ आलेली. आमचा बिलाचा संगणक दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. घरच्याच मुलाने रात्री दुकान वाढवल्यावर तो उघडला. हीटसिंक साफ केला, इथवर ठीक. पुढे त्याने गरज नसताना प्रोसेसरही बाहेर काढला आणि पेस्ट लागलेल्या बोटांनी परत ठेवताना पेस्टचा एक ठिपका सॉकेटातल्या पिनांवर पडला. तो घाबरला, आम्हाला हाक मारली, आणि आम्ही काय केले? तागा वाचवणारे आम्ही, पण त्या घटकेला नवख्या नोकरासारखे वागलो. गल्ल्याजवळची मलमलची चिंधी घेतली आणि तो ठिपका टिपायला गेलो.

संगणक चालू झाला, पण अर्धा. चार जीबीच्या दोन रॅम होत्या, त्यातली एकच दिसू लागली. आम्हाला वाटले रॅम गेली. नवी रॅम आणली, तरी तेच. दाखवायला नेला तेव्हा न उघडता सांगण्यात आले की बोर्ड गेला, नवा घ्या. मुलगा तर आणखीच पुढे गेला, म्हणाला, उधारीची सगळी खतावणी गेली असणार.

ही उधारी म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यांतला व्यापारी जाणतो. गडचिरोलीकडची अनेक घरे लग्नाचे कापड उधारीवर नेतात आणि तेंदूचे पैसे हातात आले की आणून देतात. हिशेब हरवला तर दोनच वाटा उरतात. एक तर आपले पैसे सोडा, नाही तर ज्याने दिले आहेत त्याच्याकडे चुकून पुन्हा मागा. पहिल्यात नुकसान आहे, दुसऱ्यात गुनाह. दुसऱ्याचा हिशेब आपल्याकडे अमानत असतो. आम्हाला त्या रात्री झोप आली नाही.

शेवटी आमच्या ओळीतल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बुजुर्गांकडून डोळ्याला लावायचे भिंग मागून आणले आणि सॉकेटात पाहिले. पेस्टचा करडा ठिपका तीन-चार पिनांवर पसरलेला, आणि त्यांतल्या एका पिनेला मलमलचा एक तंतू गुंडाळलेला. बोर्ड गेलेला नव्हता. पेस्टने आणि तंतूने पिना अडवल्या होत्या. खाली दिलेल्या पद्धतीने दोन रात्री काम केले. अलहम्दुलिल्लाह, दोन्ही रॅम दिसू लागल्या. नव्या रॅमचे पैसे मात्र शिकवणी म्हणून गेले.

हिशेबाबद्दल दोन शब्द इथेच सांगतो. हिशेब प्रोसेसरात नसतो, डिस्कवर असतो. सॉकेटाचे काहीही होवो, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर खतावणी वाचता येते. ही गोष्ट आम्हाला ठाऊक असती तर ती झोप वाया गेली नसती. तरीही रोज रात्री हिशेबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा.

आधी पाहा, सॉकेट कोणत्या जातीचे आहे

सॉकेट दोन जातींचे असते. पहिल्या जातीत पिना सॉकेटात असतात आणि प्रोसेसरच्या पोटावर फक्त सोनेरी चपटे ठिपके असतात. याला एलजीए म्हणतात. इंटेलने घरगुती संगणकांसाठी २००४ मध्ये एलजीए ७७५ आणले, आणि पुढची ११५५, ११५१, १२००, १७०० ही सगळी त्याच जातीची. आकडा म्हणजे संपर्कांची संख्या. एएमडीने घरगुती संगणकांसाठी ही जात २०२२ मध्ये एएम५ पासून घेतली. या पिना म्हणजे केसासारख्या बारीक, तिरप्या स्प्रिंगा असतात. बोट लागले तरी वाकतात.

दुसऱ्या जातीत पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटात भोके असतात. २०१६ चे एएमडीचे एएम४ या जातीचे, त्यात १३३१ भोके असतात. यात पेस्ट भोकात शिरते किंवा पिनांच्या मुळाशी बसते.

मग पेस्ट कुठे पडली आहे ते पाहावे. सॉकेटाच्या प्लास्टिकच्या कडेवर, लोखंडी चौकटीवर किंवा प्रोसेसरच्या झाकणाच्या काठावर साधी पेस्ट लागली असेल तर ती पुसावी आणि विषय संपवावा. साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही, म्हणून कडेला राहिलेल्या कणाने काही बिघडत नाही. तो कण काढण्याच्या नादात पिना वाकवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पिनेच्या टोकावर, सोनेरी ठिपक्यावर किंवा भोकात पेस्ट असेल तरच पुढचे काम करावे.

साध्या पेस्टचे नुकसान असे होते की ती पिन आणि ठिपका यांच्या मध्ये बसून वीज अडवते. ती पिन ज्या कामाची, तेवढे काम बंद पडते. कधी एक रॅम दिसत नाही, कधी ग्राफिक कार्ड ओळखले जात नाही, कधी पडदा काळाच राहतो, कधी संगणक पुन्हा पुन्हा आपोआप चालू-बंद होतो. म्हणून प्रोसेसर काढघाल केल्यानंतर अशी तक्रार सुरू झाली तर नवा भाग विकत घेण्याआधी सॉकेटात पाहावे.

पेस्ट कोणती, हे ओळखा

पांढरी किंवा करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर घरी काम करता येते. पण आरशासारखी चकचकीत, पाऱ्यासारखी पळणारी वस्तू दिसली तर ती लिक्विड मेटल समजावी. ती गॅलियम, इंडियम व कथील यांसारख्या धातूंची मिश्रधातू असते. ती वीज उत्तम वाहते, म्हणजे दोन पिनांमध्ये गेली की शॉर्ट होऊन बोर्ड जळू शकतो. ती अॅल्युमिनियमलाही खाते. अशा वेळी बटण दाबून पाहूही नये. द्रव टाकल्यास ती आणखी पसरते. बोर्ड जाणकाराच्या हाती द्यावा. दुकानाच्या साध्या संगणकात ही सहसा नसते, पण हौशी मुलांच्या गेमच्या यंत्रात आणि काही महाग लॅपटॉपमध्ये असते.

लागणारे सामान

१. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला आयपीए म्हणतात. ९९ टक्क्यांचे घ्यावे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळते. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असते, ती घेऊ नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढायचे द्रव्य यांपैकी काहीही वापरू नये. काही प्लास्टिक खातात, काही तेलकट थर मागे ठेवतात.

२. नवा मऊ ब्रश, चित्रकलेचा किंवा लहान मुलांचा दात घासायचा.

३. औषधाच्या दुकानातली पाच मिलिलिटरची सिरिंज, सुई काढून.

४. भिंग आणि बॅटरी. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिला तरी बरेच दिसते.

५. चष्मा पुसायचा स्वच्छ कापडी तुकडा.

कापडाबद्दल आमचे म्हणणे नीट ऐकावे, कारण हा आमचा विषय आहे. सुती चिंधी, मलमल, कापूस, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या या सगळ्या आखूड तंतूंच्या असतात. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा, तो पीळ देऊन सूत होते. घासले की तंतू सुटतो आणि पिनेला अडकतो. आमचे नुकसान तसेच झाले. कोशाचा किंवा पॉलिएस्टर फिलामेंटचा धागा अखंड लांब असतो, तो असा सुटत नाही. आरमोरीच्या कोशाचे कापड हाताळणाऱ्यांना हा फरक ठाऊक आहे. चष्म्याचे कापड बहुधा फिलामेंटचे असते, म्हणून ते सांगितले. तरीही पिनांवर कोणतेच कापड फिरवू नये. कापड फक्त कडेला आलेला द्रव टिपण्यासाठी आणि प्रोसेसरचे चपटे ठिपके पुसण्यासाठी.

अल्कोहोल हे नाव ऐकून काही बंधू बिचकतात. हे प्यायचे मद्य नाही. मद्यात असते ते रसायन वेगळे, हे वेगळे. हे विषारी आहे, पोटात गेले तर जीवावर बेतते. कोणाला मसल्याबाबत शंका असेल तर आलिमांना विचारून घ्यावे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिकडे बाटली नेताना लेबल काढू नये आणि बिल सोबत ठेवावे, म्हणजे उगाच खुलासे देत बसावे लागणार नाही. घरात मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

आणखी एक एहतियात. हा द्रव लगेच पेट घेतो, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याची वाफ झपाट्याने होते. पुष्कळ दुकानांत सकाळी लोबान किंवा उदबत्ती लावण्याची रीत आहे. ज्या खोलीत हे काम चालू असेल तिथे लोबान, उदबत्ती, विडी, शेगडी काहीही नको. खिडकी उघडी असावी.

साफ करण्याची पद्धत

प्रथम संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी. मग चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगात स्थिर वीज साठते, नायलॉनची साडी घडी करताना चटचट आवाज येतो तीच ही, आणि ती नाजूक भागांना मारक असते.

प्रोसेसर काढायचा असेल तर आधी त्याचे झाकण सॉकेटात असतानाच जुन्या पेस्टपासून साफ करावे. मग कडेला धरून सरळ वर उचलावा. एलजीए प्रोसेसरचे पोट सोपे असते. कापडाला आयपीए लावून चपटे ठिपके हलक्या हाताने एकाच दिशेने पुसावेत आणि दर वेळी कापडाची नवी बाजू घ्यावी. घाण झालेल्या बाजूने पुन्हा पुसले तर डाग फक्त जागा बदलतो.

आता सॉकेट. शक्य असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावा आणि तिरपा धरावा, म्हणजे डाग खालच्या कडेच्या जवळ येईल. सिरिंजने डागावर आयपीएचे थोडे थेंब सोडावेत आणि एक-दोन मिनिटे थांबावे. आधी तेल सैल होते, मग त्यातली पूड सुटते. मग ओला ब्रश नुसता टेकवावा, उचलावा, कापडावर पुसावा, पुन्हा टेकवावा. ब्रश थोडा फिरवायचाच झाला तर पिनांची टोके ज्या दिशेला झुकली आहेत त्याच दिशेने फिरवावा. मखमलीवर हात लवेच्या दिशेने फिरवतात, उलटा फिरवत नाहीत, तसेच हे समजावे. काही सॉकेटांत अर्ध्या पिना एका दिशेला आणि अर्ध्या उलट दिशेला झुकलेल्या असतात, म्हणून आधी भिंगातून दिशा पाहून घ्यावी.

नंतर सिरिंजने वरून ताजा द्रव सोडून धुऊन काढावे आणि खालच्या कडेला आलेला द्रव कापडाने टिपावा. पहिल्या धुण्यात डाग पसरल्यासारखा वाटतो, त्याने घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात तो उतरतो. पण प्रत्येक वेळी घाण झालेला द्रव बाहेर काढला पाहिजे. तो तिथेच वाळला तर पूड सगळ्या पिनांवर पांढरा थर होऊन बसते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

भोकवाल्या सॉकेटातही रीत तीच. द्रव सोडावा, थांबावे, बोर्ड उलटा तिरपा करून निथळू द्यावा, पुन्हा करावे. भोकात सुई किंवा टाचणी घालून पेस्ट कोरू नये, आतली पकड सैल होते. प्रोसेसरच्या पिनांमधली पेस्ट ओल्या मऊ ब्रशने ओळीच्या दिशेने काढावी.

धुणे झाले की वाळू द्यावे. वरचा द्रव पाहता पाहता उडतो, पण सॉकेटाच्या खाली शिरलेला तसा उडत नाही. रात्रभर ठेवावे, हीच सुरक्षित मुदत. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण जातात. केस वाळवायचे गरम यंत्र जवळून लावू नये. कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा असल्यास उत्तम.

वाळल्यावर बॅटरीचा उजेड आडवा टाकून पिना पाहाव्यात. सरळ विणलेल्या कापडात ताणा एकसारखा दिसतो आणि एक धागा सरकला तरी डोळ्यांत भरतो. पिनांच्या रांगांतही एक पिन वाकली की चमक तुटलेली दिसते. दोन पिना एकमेकींना टेकलेल्या असतील, एखादी तुटलेली असेल किंवा काळा जळका डाग असेल, तर वीज देऊ नये. तिथे आपले काम संपले, जाणकाराचे सुरू झाले.

बोर्ड नागपूरला न्यायचा झाला तर सॉकेटाचे प्लास्टिकचे झाकण बसवून न्यावा. ते फेकून दिले असेल तर प्रोसेसर सॉकेटात बंद करूनच न्यावा, म्हणजे पिना झाकल्या राहतात. जड हीटसिंक मात्र काढून ठेवावा, एसटीच्या धक्क्यांनी तो बोर्डला ताण देतो.

जोडणी आणि परीक्षा

प्रोसेसर खाच पाहून आपल्या वजनानेच बसू द्यावा, दाबू नये. तो खिट्टीने बंद झाल्यानंतरच झाकणावर नवी पेस्ट घालावी. प्रमाण लहान वाटाण्याएवढे पुरे. हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, हा गैरसमज आहे, जास्तीची बाहेर येऊन पुन्हा सॉकेटाकडेच जाते.

आधी एकच रॅम लावून चालू करावे, मग दुसऱ्या खाचेत, मग दोन्ही. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ मागे गेलेले असते. पहिल्या पडद्यावर तशी सूचना येईल, घाबरू नये, बायोसमध्ये तारीख आणि वेळ दुरुस्त करावी. हे विसरले तर बिलांवर चुकीची तारीख पडेल आणि काही संकेतस्थळे उघडणारही नाहीत. तिथेच पूर्ण रॅम दिसते का आणि प्रोसेसरचे तापमान किती, हे पाहून वहीत लिहून ठेवावे. पुढच्या उन्हाळ्यात तुलना करता येते.

पुन्हा होऊ नये म्हणून

पहिली गोष्ट, नुसती पेस्ट बदलायची असेल तर प्रोसेसर बाहेर काढण्याचे काहीच कारण नाही. तो सॉकेटात बंद असतानाच जुनी पेस्ट पुसता येते आणि नवी लावता येते. आमच्या घरची चूक इथेच झाली.

दुसरी गोष्ट एएम४ वाल्यांसाठी. जुनी पेस्ट गोंदासारखी चिकटते, आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर बंद सॉकेटातून प्रोसेसर उपटून त्याच्याबरोबर येतो. पिना वाकतात आणि पेस्टही जाते. म्हणून आधी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट करावी, वीज काढावी, मग हीटसिंक डावीउजवीकडे थोडा थोडा फिरवून सैल झाल्यावरच उचलावा.

तिसरी गोष्ट, कापडाच्या दुकानात संगणक जमिनीवर ठेवू नये. थान उलगडतात त्या गादीपासून दूर, उंच ठेवावा. उन्हाळ्याच्या आधी, फाल्गुनातच हीटसिंकची धूळ काढावी.

नफा-तोट्याचा हिशेब

कोणी म्हणेल, इतकी मेहनत कशाला, नवा बोर्ड आणावा. पण जुन्या सॉकेटाचा नवा बोर्ड मिळणे कठीण होत जाते. इंटेलने २०२० मध्ये १२०० आणि २०२१ मध्ये १७०० सॉकेट आणले. ११५१ चा प्रोसेसर त्यांत बसत नाही. ११५१ मध्येही दोन पिढ्या आहेत, सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर ३०० मालिकेच्या बोर्डवर चालत नाही. म्हणजे बोर्ड गेला की अनेकदा त्याच्याबरोबर प्रोसेसर आणि कधी रॅमही बदलावी लागते. एका ठिपक्यापायी सगळा संच फेकणे हा इसराफ आहे. एका साध्या शर्टपीसच्या किमतीत येणारे सामान आणि दोन रात्रींचा सबर, एवढ्यावर काम होत असेल तर ते करून पाहणे व्यापाराच्याही आणि दीनच्याही शिकवणीला धरून आहे.

शेवटची गोष्ट. उद्या आपण हा संगणक विकायला काढला तर सॉकेटात पेस्ट गेली होती, साफ केली आहे, आता दोन्ही रॅम चालतात, हे घेणाऱ्याला आपणहून सांगावे. ताग्यात विणकरीचा दोष असेल तर तो उलगडून दाखवून मगच विकावा, असे आपल्याला वडीलधाऱ्यांनी शिकवले. बंद कॅबिनेटमधला दोष तर गिऱ्हाईक कधीच पाहू शकत नाही, म्हणून तिथे सांगण्याची जबाबदारी अधिक. किंमत चार पैसे कमी येईल, पण बरकत कमी होणार नाही.

आमच्या खतावणीतली ती तेंदूच्या हंगामाची उधारी जूनअखेर बहुतेक फिटली. कोणाकडेही दोनदा मागावे लागले नाही. अल्लाह तआला आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो आणि दुसऱ्याची अमानत सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.